करळगावच्या उतारावर

यवतमाळ पठारावर वसले आहे, हे भूगोलाच्या पुस्तकापेक्षा पायाखालच्या ब्रेकवरून लवकर कळते! समुद्रसपाटीपासून सुमारे ४४५ मीटर उंचीचे हे गाव. मुंबईची आगगाडी धरायची तर बाभुळगाववरून धामणगाव गाठायचे, आणि त्याआधी करळगावचा घाट उतरायचा. सह्याद्रीच्या घाटांपुढे तो अगदीच लहान. पण उतार तो उतारच.

आमची गाडी मारुती ८००. हे वाण १९८३ साली निघाले, २०१४ साली बंद पडले; आमचे मात्र चालूच आहे. तिला पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम. आईला तिच्यातूनच स्टेशनवर न्यायचे ठरले, तेव्हा पुण्याहून आलेल्या भाच्याने हट्ट धरला, "मामा, पुढे मोठ्या, भोकं पाडलेल्या डिस्क टाका. आजी बसणार आहे गाडीत!"

मिस्त्रींनी चाक उतरवले आणि ते हसले. "सर, बारा इंची चाकात मोठी डिस्क बसन कुठी? अन् गाडी शेवटी टायरच थांबवते ना!"

माणूस शाळा फारसा शिकलेला नाही. पण पदार्थविज्ञान त्याच्या हातात आहे. वेग दुप्पट झाला की ब्रेकला चौपट उष्णता पचवावी लागते. उतारावर पाय सतत दाबून ठेवला, तर पॅड तापून पकड सोडतात. ब्रेक ऑइल जुने असेल, तर त्यात हवेतले पाणी मुरलेले असते. ते लवकर उकळते आणि पॅडल मऊ पडते. आमच्या डिस्कच्या कडेला झिजून कंगोरा आला होता, जाडी किमान मर्यादेखाली गेली होती. तेव्हा मूळ मापाच्याच नव्या डिस्क, चांगले पॅड आणि ताजे ऑइल, एवढेच झाले. मागचे ड्रमही साफ करून घेतले. भाचा जरा हिरमुसला.

नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून दोन दिवस मोकळ्या रस्त्यावर हलके हलके ब्रेक लावत हिंडलो.

घाटात दुसरा गिअर टाकला. पुढे कापसाची बंडी उतरत होती. तिला कसला ब्रेक? बैलच पाय रोवून, मान मागे रेटून ओझे धरीत होते. आमचे इंजिनही तेच करीत होते. आई म्हणाली, "अरे, हळू का चालवतोस? गाडी चुकेल."

धामणगावला पोहोचलो, तेव्हा गाडीला अजून वीस मिनिटे होती.