तिसऱ्या नंबरचा हिशोब

२०१८च्या हंगामात प्रो कबड्डीतून पाटणा पायरेट्स बाहेर पडले ते फक्त दोन गुणांनी. त्याआधी सलग तीन वेळा जिंकलेला संघ. संघात परदीप नरवाल, ज्याने आदल्या हंगामात चढाईचे ३६९ गुण घेतले होते. तेव्हा लीगमध्ये बारा संघ होते आणि त्यांचे सहा-सहाचे दोन झोन. प्रत्येक झोनमधले पहिले तीन प्लेऑफला जायचे. झोन ‘ब’मध्ये यूपी योद्धा ५७ गुणांवर तिसरे आले आणि पाटणा ५५ वर चौथे.

दोन गुण म्हणजे किती? त्या वेळी सामना जिंकला की पाच गुण, बरोबरीला तीन आणि सात किंवा त्याहून कमी फरकाने हरलात तरी एक गुण मिळायचा. म्हणजे हरलेल्या दोन सामन्यांत फरक आठऐवजी सात राहिला की दोन गुण खिशात. शेवटच्या मिनिटाला एखादा चढाईपटू उगाच धाडस करून पकडला जातो, त्यावर कुणाचं वर्ष ठरू शकतं.

मला या तिसऱ्या नंबरचं वेड आहे. पहिला कोण येणार हे सांगणं त्या मानाने सोपं असतं, शेवटचा कोण हेही बऱ्याचदा दिसतं. खरी मारामारी तिसऱ्या आणि चौथ्यात. पुण्यात नोकरी करतो, दिवसभर दुसऱ्यांचा कोड लिहितो. हंगाम सुरू झाला की रात्री स्वतःचा लिहितो: कोणता संघ कितवा येईल, याचा.

रीत माझी नाही. अमेरिकेत बिल जेम्स नावाच्या माणसाने बेसबॉलसाठी एक साधं सूत्र मांडलं. संघ किती सामने जिंकला यापेक्षा त्याने एकूण किती गुण केले आणि किती दिले, यावरून त्याची ताकद जास्त नीट कळते. पुढे डॅरिल मोरी यांनी ते बास्केटबॉलला लावलं. मी ते कबड्डीला लावतो. एका गुणाने जिंकलेले पाच सामने आणि पंधरा गुणांनी जिंकलेले पाच सामने तक्त्यात सारखेच दिसतात. सूत्राला ते सारखे दिसत नाहीत. मग उरलेला हंगाम लॅपटॉपमध्ये दहा हजार वेळा खेळवायचा आणि प्रत्येक संघ कितीदा पहिल्या तिनांत आला ते मोजायचं. ६,२०० वेळा आला, तर लिहायचं ६२ टक्के.

सहा संघांची क्रमवारी ७२० प्रकारे लागू शकते. अचूक क्रम सांगणारा माणूस भेटला तर त्याला हुशार म्हणण्याआधी नशीबवान म्हणावं. त्याचं कारण सामन्यांची संख्या. एनबीएमध्ये बास्केटबॉलचा संघ ८२ सामने खेळतो. कबड्डीत तेव्हा २२ होते. नाणं ८२ वेळा उडवलं तर छापा-काटा बऱ्यापैकी समान होतात; २२ वेळा उडवलं तर काहीही होऊ शकतं. समजा एक संघ अगदी मध्यम आहे, प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता निम्मी. तो २२ पैकी ९ ते १३ सामने जिंकेल, असं दहापैकी सातेक वेळा होतं. म्हणजे ताकद तीच, खेळाडू तेच, पण ९ विजय आणि १३ विजय यांत वीस गुणांचा फरक. आणि दहापैकी तीन वेळा तो या पट्ट्याच्याही बाहेर जातो.

त्यात झोनची भानगड. २२ पैकी १५ सामने आपल्याच झोनमधल्या पाच संघांशी, प्रत्येकाशी तीनदा. त्यामुळे शेजारी कोण मिळाले यावर बरंच ठरायचं. यूपी ५७ गुणांवर तिसरे आले त्या वर्षी झोन ‘अ’मध्ये तिसऱ्या आलेल्या दिल्लीचे ६८ होते.

एवढं सगळं घातलं तरी मॉडेलला एक गोष्ट कळत नाही: ज्याची नोंदच नाही असा माणूस. २०१८च्या लिलावात हरियाणा स्टीलर्सने मोनू गोयतसाठी १ कोटी ५१ लाख मोजले. त्या वर्षीची ती सगळ्यात मोठी बोली. आदल्या वर्षी तिसरा आलेला हरियाणाचा संघ त्या हंगामात झोनच्या तळाला गेला. त्याच लिलावात यू मुंबाने चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाईला ३६ लाख ४० हजारांना घेतलं. प्रो कबड्डीत त्याचा एकही सामना झालेला नव्हता. त्याने चढाईचे २१८ गुण घेतले आणि यू मुंबा चौथ्यावरून दुसऱ्या नंबरवर आला. पवन सेहरावतचंही तसंच. २०१७ मध्ये गुजरातकडे तो बहुतेक बाकावरच बसून होता. २०१८ मध्ये बेंगळुरूकडून त्याने २७० च्या वर गुण घेतले आणि एकट्याने अंतिम सामन्यात २२. आदल्या वर्षीच्या आकड्यांवर चालणाऱ्या कुठल्याही मॉडेलने या दोघांच्या पुढे जवळजवळ शून्य लिहिलं असतं.

लगेच उलटं टोकही गाठू नये. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने सिद्धार्थला १ कोटी ४५ लाखांना घेतलं आणि बारा संघांत ते अकरावे आले. एका माणसाच्या गोष्टीवरून पुढचा अंदाज बांधला की असं होतं.

हे सगळं मी माझ्यापुरतं करत होतो तोवर छंद होता. मग चुलतभावाला कळलं.

आमचं गाव बीड जिल्ह्यातलं. दसरा झाला की अर्धं गाव ऊसतोडीला जातं, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. काका-काकूंचा एक कोयता असतो. आमच्याकडे नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. चुलतभाऊ ट्रॅक्टरवर असतो. कबड्डीचा हंगाम आणि उसाचा हंगाम बहुतेक वर्षी एकमेकांवर येतात, त्यामुळे तो सामने कारखान्याच्या तळावर, कोपीत बसून मोबाइलवर बघतो. तिथून फोन येतो.

“दादा, वरच्या तिनांत कोण ते सांग.”

मी टक्के सांगायला लागलो की तो मध्येच तोडायचा. “टक्के राहू दे की. येणार का नाही येणार?”

तो आणि तळावरची पोरं एका ॲपवर पैसे लावत होती. शंभर, दोनशे. कधी पाचशे. पाचशे म्हणजे दिवसभर ऊस तोडून, बांधून, गाडीत भरून मिळतात त्यातले पैसे. त्याला ६२ टक्के म्हटलं की ‘येणारच’ असं ऐकू जायचं. मी सांगायचो, अरे, शंभरातल्या अडतीस वेळा नाही येणार. तो म्हणायचा, “म्हणजे जास्त करून येणारच ना!” यावर उत्तर नव्हतं. बरोबरच होतं त्याचं.

काकूने एकदा फोन हातात घेतला. काय रोज टक्के टक्के चाललंय, विचारलं. मी सांगितलं, दहापैकी सहा वेळा जमेल, चार वेळा नाही, असं आहे ते. काकू म्हणाली, “मग उचलीसारखंच की. दहा सालांत चार साल फिटत नाही.”

उचल म्हणजे हंगामाआधी मुकादम देतो ती आगाऊ रक्कम. ही जोडी एवढे टन तोडेल, असा अंदाज धरून ती दिली जाते आणि टनाच्या मजुरीतून वळती होते. पाऊस कमी झाला, ऊस बारीक राहिला, कारखाना लवकर बंद झाला, कुणी आजारी पडलं, तर टन भरत नाहीत. अंदाज चुकतो, आणि चुकलेली रक्कम कोयत्याच्या नावावर पुढच्या सालात जाते. कागदावर अंदाज धरणारे वेगळे आणि बाकी फेडणारे वेगळे.

काकूच्या त्या वाक्याने मला माझा तक्ता वेगळा दिसायला लागला. माझ्या लॅपटॉपवर दहा हजार हंगाम होतात आणि त्यातले ३,८०० चुकले तरी माझं काही जात नाही. चुलतभावाला मिळणार असतो एकच हंगाम. त्या एकाच हंगामात तो अडतीसच्या बाजूला पडला, तर सरासरी त्याच्या कामाची नाही. म्हणून टक्के सोडून देता येत नाहीत. ६२ हा आकडा संघाबद्दल सांगतो. उरलेले ३८ पैसे लावणाऱ्याबद्दल सांगतात, की चुकलं तर तुला झेपेल का. जो अंदाज ही दुसरी बाजू गिळून फक्त ‘येणार’ म्हणतो, त्याची किंमत ऐकणारा भरतो.

मी त्याला नंबर देणं थांबवलं. तो महिनाभर नीट बोलला नाही. “पुण्याला गेला अन् हिशोबी झाला,” असं काकाला म्हणाला म्हणे. हिशोबी तर मी आहेच.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा झाला. आठवड्याभरात प्रो कबड्डीचा बारावा हंगाम सुरू झाला. झोन कधीच गेले होते; एकच तक्ता, आणि या वेळी गुणांची पद्धतही बदललेली. जिंकलं की दोन, हरलं की शून्य. सातच्या आत हरल्याचा तो एक गुण गेला, आणि माझ्या कोडमधला एक आवडता भागही. आदल्या हंगामात प्लेऑफलाही न पोचलेले पुणेरी पलटण तक्त्यात पहिले आले आणि अंतिम सामन्यात दबंग दिल्लीकडून २८-३१ असे हरले.

चुलतभावाचा फोन त्या हंगामातही यायचा. आता लावायला पैसे नव्हते, पण प्रश्न तोच. मी त्याला पूर्ण तक्ता पाठवायला लागलो, बारा संघ, आणि प्रत्येकापुढे ‘दहापैकी किती वेळा’ असा रकाना. टक्के काढून टाकले. त्याने तो तळावरच्या पोरांना दाखवला. मग एक दिवस त्याचा मेसेज आला: पलटणच्या पुढे सात लिहिलंयस, ते मला सहा वाटतं, त्यांचा डावा कोपरा ढिला आहे.

मी सामना पुन्हा बघितला. डाव्या कोपऱ्यातल्या पकडींची वेगळी नोंद माझ्याकडे नाही. आता ती हाताने ठेवतोय, सामना बघून. अर्ध्या नोंदी तो पाठवतो.