खाटेवर पडण्याआधी

गेल्या पावसाळ्यात एका रात्री रुग्णाभ्यंग संस्कारासाठी मला बोलावणे आले. रुग्ण माझ्याच धर्मग्रामातील, पन्नाशीचा, भाजीपाल्याचा व्यापार करणारा. पक्षाघाताने त्याची उजवी बाजू लुळी पडली होती, वाचा गेली होती. त्याची पत्नी म्हणाली, "फादर, तुम्ही विमा काढायला लावलात म्हणून इस्पितळाचे बिल तरी भागले."

तिच्या शब्दांत कृतज्ञता होती. मला मात्र ते टोचले. विम्याचा अर्ज मीच भरून दिला होता. पुढे त्याला रक्तदाब जडला, तेव्हा गोळ्या नियमित चालू आहेत ना, हे मी एकदाही विचारले नाही. 'बरे वाटते, मग डॉक्टरांची फी आणि गोळ्यांचा खर्च कशाला?' असे म्हणून त्याने त्या आठ महिने आधीच सोडल्या होत्या.

आपल्याकडील विम्याची घडणच तशी आहे. 1986 साली मेडिक्लेम आले, 2018 साली कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांचे संरक्षण देणारी आयुष्मान भारत योजना आली. दोहोंचा मुख्य भर इस्पितळात दाखल होण्यावर. रोजची गोळी आणि दवाखान्यातील साधी तपासणी बहुधा आपल्याच खिशातून. माणूस खाटेवर पडला, की विम्याची थैली उघडते.

मग विम्याने तपासणीचाही खर्च उचलला तर? 2008 साली अमेरिकेतील ऑरेगन राज्यात गरिबांच्या शासकीय विम्यासाठी सोडत काढण्यात आली. ज्यांना विमा मिळाला ते डॉक्टरांकडे अधिक वेळा गेले. त्यांच्या तपासण्या वाढल्या, कर्जाचा आणि नैराश्याचा भार हलका झाला. परंतु उपचारांचा एकूण खर्च घटला नाही, वाढलाच. आणि दोन वर्षांनंतरही रक्तदाबात ठळक फरक आढळला नाही.

म्हणून 'तपासणी करा, पैसे वाचतील' असे आश्वासन मी वेदीवरून देणार नाही. पुष्कळांना तपासावे, तेव्हा थोड्यांचे दुखणे टळते. त्या तपासणीलाही पैसा लागतोच. शिवाय विम्याचे कार्ड कुणाला गोळी घ्यायला लावत नाही. त्यासाठी घरातले, शेजारचे कुणीतरी विचारणारे लागते. मात्र त्या भाजीवाल्याचा उजवा हात कोणत्या हिशेबात मांडायचा? बिल भागले, हात परत आला नाही.

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्सानंतर सभागृहात आमच्या धर्मग्रामातील एक निवृत्त परिचारिका रक्तदाब तपासते. ज्यांचा वाढलेला आढळतो, त्यांना ती प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवते आणि पुढच्या महिन्यात गोळ्यांची चौकशी करते. पहिल्या दिवशी लोक संकोचले, म्हणून मीच हात पुढे केला. पट्टा सोडवीत ती म्हणाली, "फादर, उद्याच डॉक्टरांकडे जा." मी शेवटची तपासणी केव्हा केली होती, ते मला आठवेना.