जुन्या होडीचें मोल

जुन्या वस्तूची किंमत ठरविण्याचा प्रसंग गृहस्थाच्या आयुष्यांत वारंवार येतो. भांडीं मोडींत घालतांना तराजू असतो, सोन्याला कसोटी असते. पण जी वस्तु आपल्या घरीं वर्षानुवर्षें नांदली तिचें मोल करावयास बसलें म्हणजे माप कोणतें लावावें हेंच सुचेनासें होतें. दोन वर्षांपूर्वीं आमच्या वडिलांची होडी विकण्याची वेळ आली, तेव्हां आम्हांस याचा चांगलाच प्रत्यय आला.

आमचें मूळ घर दाभोळचें, आणि नारळी-सुपारीची थोडी बाग वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे, वेलदुराच्या बाजूस. बागेंतला माल अलीकडे आणावयाचा तर होडीवांचून गत्यंतर नसे. पुढें २००३ सालीं दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू झाली, मोटारीसुद्धां खाडी ओलांडूं लागल्या, आणि आमच्या चोवीस फुटी होडीचें काम हळूहळू सरत आलें. तरी वडील होते तोंपर्यंत पावसाळ्यापूर्वीं तिला वर ओढून झावळ्यांनीं शाकारणें आणि उंडीचें तेल पाजणें हा नेम चुकला नाहीं. त्यांच्या मागें हें सारें आमच्या जुन्या नावाड्यानें सांभाळलें. तोही थकला, तेव्हां त्याचा मुलगा येऊन म्हणाला, "काका, होडी मला द्याल का? फुकट नको. काय होईल ती किंमत सांगा."

फुकट देऊन टाकण्याचा मोह आम्हांस झाला नाहीं असें नाहीं. परंतु होडींत धाकट्या बंधूंचा अर्धा वांटा होता, आणि दुसऱ्याच्या पैशानें उदार होण्याइतकें स्वस्त पुण्य दुसरें नाहीं. शिवाय "फुकट नको" या शब्दांचा मान राखणेंही अवश्य होतें. तेव्हां रास्त किंमत काढण्याखेरीज मार्ग नव्हता.

प्रथम गांवांत चौकशी केली. एक तीस फुटी होडी अमुक रकमेस गेली असें कळलें. लागलीच त्रैराशिक मांडून आम्ही मोकळे झालों. ज्या सुतारास होडी दाखविली तो हा हिशेब ऐकून हंसला. होडी लांबीबरोबर रुंद आणि खोलही होत जाते. घडण तीच ठेवून चोविसाचे तीस फूट केले, तर लांबी सव्वापट होते, पण पोटांतली जागा जवळजवळ दुप्पट! मग फुटाच्या भावानें किंमत कशी निघावी? शिवाय लोक सांगतात ती बहुधा मागितलेली किंमत असते, हातांत पडलेली नव्हे.

सुतारानें परीक्षा केली ती अशी. आंतल्या सुट्या फळ्या उचलून होडी कोरडी केली आणि हातोडीच्या दांड्यानें सगळें अंग वाजवून पाहिलें. निकोप लाकूड खणखणीत बोलतें, कुजलेलें बद्द वाजतें. मग सांध्यांतून आणि कण्याच्या कडेनें टोचा घालून पाहिला. खाऱ्या पाण्यांत लाकूड पोखरणारा एक जीव असतो. दिसावयास किडा, पण जातीनें शिंपल्यांचा सोयरा. त्याचें बाहेरचें भोंक टांचणीच्या डोक्याएवढें, आणि आंत मात्र लांबच लांब बोगदा. म्हणून नुसत्या डोळ्यांवर विसंबून चालत नाहीं. शेवटीं होडी पाण्यांत सोडली. वर ठेवलेली होडी आरंभीं गळतेच; लाकूड फुगलें म्हणजे सांधे मिटतात. म्हणून पहिल्या दिवशीं आलेलें पाणी हिशेबांत न धरितां तिसऱ्या दिवसाचें मोजलें.

एवढें झाल्यावर त्यानें आंकडे सांगितले. अशी होडी नवी करावयाची तर १,८०,००० रुपये लागतील. या वयाची, पण पाण्यांत घालावयास तयार असलेली होडी ९०,००० ला जाईल. हिचे सांधे नव्यानें भरणें, तेल आणि किरकोळ दुरुस्ती यांस ३०,००० पडतील. उरले ६०,०००.

त्याच सुमारास एका उपाहारगृहाच्या मालकानें ७५,००० देऊं केले. त्यास होडी पाण्यांत घालावयाची नव्हती; अंगणांत मांडून तींत फुलझाडें लावावयाचीं होतीं. बंधूंनीं दूरध्वनीवरून बजावलें, "पाऊण लाख सोडूं नका."

त्या रात्रीं वडिलांच्या हिशेबाच्या वह्या चाळतां चाळतां एक नोंद सांपडली. २०१२ सालीं होडीच्या मागल्या अंगाच्या दोन फळ्या बदलल्या होत्या. तांब्याचे खिळे महाग पडतात म्हणून लोखंडी मारले होते. नावाडी त्या वर्षीं आजारी असल्यामुळें त्याला याची वार्ता नव्हती, आणि डांबराच्या लेपाखालीं सुतारालाही कांहीं दिसलें नव्हतें. लोखंड खाऱ्या पाण्यांत गंजतें, तांब्याला लागून असेल तर अधिकच लवकर. आणि गंजाबरोबर भोंवतालचें लाकूडही जातें.

वही मिटून ठेवणें अगदीं सोपें होतें. कायदाही बहुधा आड आला नसता. ग्राहकानें आपला माल आपणच पारखून घ्यावा हेंच १९३० च्या मालविक्रीच्या कायद्याचें सामान्य धोरण आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत मात्र सदोष वस्तु झांकून विकूं नये असें सांगितलें आहे, आणि सौद्याचा पस्तावा झाल्यास दहा दिवसांच्या आंत तो परतविण्याची मुभाही दिली आहे. पण खरें सांगावयाचें तर त्या रात्रीं आमच्यापुढें कायदाही नव्हता आणि स्मृतीही नव्हती. त्या होडींत कोण बसणार तेवढें दिसत होतें.

सकाळीं मुलास वही दाखविली. सुतारानें त्या दोन फळ्यांचे १५,००० सांगितले, आणि किंमत ४५,००० वर उतरली. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, तुम्ही सांगितलंत, तर मीही सांगतों. सांधे भरायचं काम मला येतं. त्या तीस हजारांतले दहा माझे वांचतील. तेव्हां पंचावन्न धरा."

आम्ही म्हणालों, "अरे, ते दहा हजार तुझ्या हातांचे, होडीचे नव्हेत."

"हे हात बाबांनीं याच होडीवर तयार केले," तो म्हणाला.

विकणारा किंमत खालीं ओढीत आहे आणि घेणारा वर चढवीत आहे, अशी ती घासाघीस पाहून सुतार आपलीं हत्यारें आवरूं लागला. अखेर ५०,००० वर सौदा झाला.

उपाहारगृहाचे पाऊण लाख सोडल्याबद्दल आम्हांस खंत नाहीं. होडी म्हणून तिचें मोल पन्नास हजार. वरचे पंचवीस हजार ती होडी न राहण्याबद्दल मिळत होते. परंतु ही समजूत आमची, बंधूंची नव्हे. म्हणून त्यांस पाऊण लाखाच्या हिशेबानें ३७,५०० दिले आणि आमच्याकडे १२,५०० राहिले. त्यांनीं ते मुकाट्यानें घेतले, आणि त्यांत आम्हांसही कांहीं गैर वाटलें नाहीं.

सुताराची परीक्षा वांयां गेली असें मात्र कोणीं समजूं नये. तिच्यावांचून बोलणें सुरूच झालें नसतें. परंतु विकणाऱ्यास एकट्यास ठाऊक असलेलें एक कलम आणि घेणाऱ्यास एकट्यास ठाऊक असलेलें दुसरें, हीं दोन कोणत्याही टोच्यास लागत नाहींत; आणि तीं जमेस आल्यावांचून किंमत रास्त झाली असें म्हणतां येत नाहीं.

दहा दिवसांची मुभा आम्हीं मुलास आवर्जून सांगितली होती. अकराव्या दिवशीं तो दारांत दिसला तेव्हां मनांत थोडें चर्र झालें. पण तो वडिलांची वही मागावयास आला होता. होडीच्या दुरुस्तीच्या सगळ्या नोंदी त्यास उतरून घ्यावयाच्या होत्या.