वाशीच्या बाजाराची वाट आणि रेडिएटरचे पाणी

पुण्याकडून भाजी घेऊन वाशीला निघालेल्या माणसाला भय वाटते ते बोरघाटाचे. भरलेली जुनी मॅटाडोर घाट उतरून खोपोलीला आली, की आता मुंबई आलीच असे तो म्हणतो. पण उतारावर इंजिनाला ओढ नसते. गाडी तापते ती पुढे, सपाटीवर.

कळंबोलीला लोखंडाचे ट्रक वाट अडवून उभे असतात. तिथून उजव्या हाताला खारघरचा डोंगर, मग बेलापूर, नेरूळ आणि तुर्भे. 1996 साली भाजीपाल्याचा घाऊक बाजार इकडे आला, तेव्हापासून पहाटेची ही रांग ठरलेली. रांगेत गाडी मुंगीच्या पावलाने सरकते. समोरून वारा नाही, इंजिन मंद म्हणून पट्ट्यावरचा पंखाही मंद. काटा वर चढतो आणि बॉनेटमधून वाफ येते.

अशाच एका पहाटे मी एका शेतकऱ्याबरोबर मेथी घेऊन चाललो होतो. उजाडले की मेथीचा भाव पडतो, म्हणून घाई. मी फडके धरून रेडिएटरचे झाकण फिरवले. दाबाखालचे पाणी 100 अंशांच्या पुढेही उकळत नाही; दाब सुटताच त्याची वाफ होते. मनगटावरचा डाग अजून आहे. बी.एस्सी. झालेल्या माणसाने हे करावे! तुम्ही निदान अर्धा-पाऊण तास थांबा, होज पाईप हाताला गार लागू द्या, मग झाकण उघडा. तापल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

खरे काम आदल्या संध्याकाळी घरी, गार इंजिनावर करायचे. होज पाईप दाबून पाहा. फुगलेला, भेगाळलेला किंवा लिबलिबीत असेल तर बदला, क्लिपा आवळा. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबला तर साधारण 1 सेंटिमीटर दबावा. जाळीत अडकलेले किडे व धूळ आतून बाहेर पाण्याने काढा, पण धार जोराची नको, पाती वाकतात. थर्मोस्टॅट 'आपल्याकडे उष्णता फार' म्हणून काढून फेकणारे पुष्कळ. तसे करू नका. इंजिन गार राहून डिझेल जास्त जाते. तो जुन्या डब्यात पाण्यात सोडून तापवा. उकळी येण्याआधी उघडला तर चांगला आहे.

विहिरीचे पाणी मात्र टाळा. ठिबकची तोंडे ज्या पांढऱ्या क्षारांनी बुजतात, तेच क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात. ठिबकला आम्ल देतो म्हणून इथेही ओतू नका, धातू खाल्ला जाईल. नळ्या बुजल्या असतील तर ते काम रेडिएटरवाल्याचे. घरी अर्धे कूलंट आणि अर्धे बॅटरीत घालतात ते पाणी भरा. कूलंट चवीला गोड पण विषारी असते. काढलेले पाणी अंगणात सांडू नका. कुत्रे किंवा वासरू चाटेल. उरलेला डबा मुलांच्या हाती लागू देऊ नका.

वाटेत पाईप फाटलाच, तर गार झाल्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळा आणि झाकण सैल ठेवा, म्हणजे दाब धरणार नाही. एवढ्यावर जवळच्या मेकॅनिकपर्यंत जाता येते, गावापर्यंत नाही.

माल उतरून गाळ्यावरचा हिशेब होईपर्यंत इंजिन गार होते. तेवढ्यात पाण्याची पातळी पाहून घ्या. गाडी रिकामी असली तरी परतताना घाट चढायचा असतो.