गाडी सुटण्याआधी

22 डिसेंबर 2017. उत्तर कॅलिफोर्नियातल्या मेंडोसिनो परगण्यात, युकायाजवळ, हायवे पेट्रोलच्या पोलिसांनी एक व्हॅन थांबवली. व्हॅन ओल्ड काय डिस्ट्रिब्युशन या कंपनीची. आत जवळपास दोन हजार पौंड गांजा, म्हणजे साडेआठशे किलोंच्या आसपास. चोरीछुपे काही चाललेलं नव्हतं. कंपनीकडे परगण्याचा परवाना होता. पण राज्याचे परवाने लागू व्हायचे होते 1 जानेवारी 2018 पासून, आणि पोलिसांनी राज्याचा नियम धरला. माल जप्त झाला, पुढे नष्ट केला गेला. गाडीतल्या दोघांवर गुन्ह्याची नोटीस निघाली.

दहा दिवस. कॅलिफोर्नियात गांजाच्या वितरणाच्या धंद्यात डिस्पॅच सांभाळणाऱ्या माणसाला हा प्रसंग माहीत असावा, आणि नुसती गोष्ट म्हणून नव्हे. माल चांगला होता, गाडी चांगली होती, माणसं प्रामाणिक होती. गाडी सुटायला नको होती, एवढंच.

मराठी वाचकाला या धंद्याचं आकारमान कळावं म्हणून एक हिशेब. आपल्याकडच्या 1985 च्या एनडीपीएस कायद्यात 20 किलोंहून जास्त गांजा ‘व्यापारी प्रमाणा’त मोडतो आणि शिक्षा दहा ते वीस वर्षांची असते. कॅलिफोर्नियात तपासणीसाठी फुलांची एक बॅच जास्तीत जास्त 50 पौंडांची धरतात, म्हणजे साडेबावीस किलोंची. तिथली एक बॅच ही इथली दहा वर्षांची कैद. पण तिथेही सगळं खुलं आहे असं नाही. राज्यात औषधी वापराला 1996 मध्ये आणि प्रौढांच्या वापराला 2016 मध्ये मतदारांनीच होकार दिला, पण अमेरिकेच्या संघराज्याचा 1970 चा कायदा आपल्या जागी आहे. शेजारच्या ओरेगॉन, नेवाडा, ॲरिझोना या तिन्ही राज्यांत गांजा कायदेशीर असूनही एक पाकीटही सीमेपलीकडे नेता येत नाही. जे काही हलतं ते राज्याच्या आत, रस्त्याने. विमान, होडी, रेल्वे, ड्रोन, सायकल, सगळ्याला नियमाने मनाई आहे.

डिस्पॅच खातं आपल्या एमआयडीसीतल्या कुठल्याही कारखान्यात असतं. गाडी खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर पोचल्यावर ड्रायव्हरचा फोन येतो, की चलनाची एक प्रत राहिली. मग व्हॉट्सॲपवर फोटो जातो, ई-वे बिलात गाडीचा नंबर बदलला जातो आणि काम निभावतं. डिस्पॅचवाल्याचं कसब बरंचसं अशा निभावण्यात असतं. गांजाच्या वितरणात ही सोयच काढून घेतलेली आहे. कॅलिफोर्नियातली प्रत्येक खेप ‘मेट्रक’ नावाच्या सरकारी नोंदणी-प्रणालीत आधी लिहावी लागते: कुणाकडून कुणाकडे, किती नग, प्रत्येक पॅकेजचा टॅग क्रमांक, निघण्याची वेळ, पोचण्याची अंदाजे वेळ, ड्रायव्हरचं नाव, त्याच्या लायसन्सचा नंबर, गाडीची बनावट आणि नंबरप्लेट. यालाच शिपिंग मॅनिफेस्ट म्हणतात. गाडी गोदामाच्या बाहेर पडली की वितरकाला हा मॅनिफेस्ट बदलता येत नाही आणि रद्दही करता येत नाही. वाटेत इंधन, विश्रांती किंवा दुरुस्ती यांखेरीज थांबायचं नाही. गाडीतली खोकी उघडायची नाहीत.

म्हणून या कामातलं सगळं शहाणपण फाटकाच्या आतल्या बाजूला खर्च होतं. चांगल्या सुपरवायझरची पारख तिने किती गाड्या वेळेवर सोडल्या यावरून होते असं धंद्याबाहेरच्यांना वाटतं. खरी पारख तिने कुठल्या गाड्या अडवल्या यावरून करायला हवी.

पहाटेची भराई जवळून पाहिली तर हे पटतं. प्लॅस्टिकचे झाकणवाले क्रेट रांगेने मांडलेले असतात, प्रत्येक थांब्याचा गठ्ठा वेगळा. प्रत्येक पॅकेजच्या टॅगवर 24 अक्षर-अंकांची एक ओळ असते. तिचा सुरुवातीचा भाग सगळ्यांचा जवळपास सारखाच, त्यामुळे डोळा तिथे फसतो. कामाचे ते शेवटचे चार-पाच अंक. एकजण ते मोठ्याने वाचतो, दुसरा पडद्यावरच्या मॅनिफेस्टशी ताडून बघतो. वाचणाऱ्याला मॅनिफेस्ट दिसता कामा नये, हा इथला न लिहिलेला नियम. दिसला की माणूस टॅग न वाचता अपेक्षित आकडा वाचायला लागतो. मग नग मोजायचे, झाकणावर सील, सीलचा नंबर कागदावर. शेवटच्या थांब्याचा माल सगळ्यात आधी आत जातो, पहिल्या थांब्याचा दाराशी राहतो. व्हॅनच्या आत गाडीलाच पक्का बसवलेला पिंजरा असतो, त्याला कुलूप. बाहेरून काच असो वा दार, आत काय आहे याचा पत्ता लागता कामा नये.

मॅनिफेस्टवर 48 डबे आणि क्रेटमध्ये 47 निघाले, तर नवशिका सुपरवायझर म्हणतो, संध्याकाळी बघू. अनुभवी सुपरवायझर तिथेच सगळं थांबवते. तो एक डबा गोदामाच्या फळीवर सापडेलही. पण गाडी गेल्यावर सापडला, तर सरकारी नोंदीप्रमाणे तो रस्त्यावर आहे आणि प्रत्यक्षात फळीवर. कायदेशीर मालाचा बेकायदेशीर माल व्हायला एवढं पुरतं.

गाडीत चढण्याआधी मालाचा एक मुक्काम वितरकाच्याच गोदामात होतो, तो तपासणीसाठी. कॅलिफोर्नियात प्रयोगशाळेचा माणूस वितरकाकडे येऊन नमुना घेतो. त्या वेळी वितरकाचा माणूस हजर असावाच लागतो, पण त्याने मालाला हात लावायचा नाही, उपकरणाला नाही, मदतीलाही नाही. नमुना घेण्याचं चित्रीकरण होतं आणि सुरुवातीला बॅच क्रमांक बोलून किंवा लिहून दाखवायचा असतो. 66 कीटकनाशकं, शिसं, पारा, आर्सेनिक, कॅडमियम, बुरशी, तिची विषं, ओलावा, सगळं तपासतात. 1 जुलै 2018 पासून बिनतपासणीचा माल विकायला बंदी आली, आणि पहिल्या दोन महिन्यांत जवळपास पाचवा हिस्सा बॅचेस नापास झाल्या. त्यातल्या पुष्कळशा विषामुळे नव्हे; लेबलावर लिहिलेली तीव्रता आणि निघालेली तीव्रता जुळली नाही म्हणून. त्या काळात विक्री विभागाने दुकानदाराला तारीख देऊन टाकलेली असायची आणि निकाल आलेला नसायचा. अशा वेळी डिस्पॅचच्या टेबलावर किती दाब येतो, हे तिथे बसलेल्यालाच माहीत. दाब घ्यायचा, गाडी द्यायची नाही. मालात विष असलंच तर ते कुणाच्या तरी फुप्फुसात जाणार असतं, ही गोष्ट टेबलावर बसलेल्याने रोज लक्षात ठेवायची असते.

रस्ता हा वेगळाच विषय. उत्तरेला हंबोल्ट, मेंडोसिनो, ट्रिनिटी हे जुने गांजाचे परगणे; गिऱ्हाईक मात्र मुख्यतः दक्षिणेला, लॉस एंजेलिस आणि त्याच्या भोवती. मधे पाचव्या महामार्गावरचा ग्रेपव्हाइन घाट, 4,100 फुटांवरची टेजॉन खिंड. हिवाळ्यात तिथे बर्फ पडलं की रस्ता बंद, आणि मग किनाऱ्याकडचा 101 किंवा टेहाचापीवरून जाणारा 58. उन्हाळ्यात फ्रेस्नो-बेकर्सफील्डच्या पट्ट्यात पारा चाळिशी ओलांडतो. एका पाकिटात शंभर मिलिग्रॅम टीएचसीची, म्हणजे गांजातल्या नशेच्या घटकाची, मर्यादा पाळून बनवलेलं चॉकलेट वितळून एकजीव झालं, तर दहा-दहा मिलिग्रॅमचे तुकडे कुठले राहणार? तो माल दुकानदाराने परत पाठवायलाच हवा. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये फेऱ्या आखताना अंतरापेक्षा तापमान आधी बघतात.

सॅन डिएगोकडून उत्तरेला येणाऱ्या गाड्यांना आणखी एक काळजी असते. सॅन क्लेमेंटेजवळ पाचव्या आणि टेमेक्युलाजवळ पंधराव्या महामार्गावर बॉर्डर पेट्रोलच्या चौक्या आहेत. चौकी संघराज्याची, कायदा संघराज्याचा. राज्याचा परवाना तिथे ढाल होत नाही. 2024 साली न्यू मेक्सिकोत अशाच चौक्यांवर परवानाधारकांचा माल जप्त झाला. ड्रायव्हरने तिथे काय बोलायचं, काय नाही, हे त्याला निघण्याआधी सांगितलेलं असलं पाहिजे. फोनवर शिकवायची ती वेळ नव्हे.

दुकानाच्या मागच्या दाराशी प्रवास संपतो. मागच्याच, कारण दुकान चालू असताना गिऱ्हाइकांच्या दारातून माल आत न्यायला बंदी आहे, आणि माल घ्यायची वेळ सकाळी सहा ते रात्री दहा. दुकानदाराला खेप सबंध घ्यावी लागते किंवा सबंध नाकारावी लागते. अपवाद तीन: पावतीशी न जुळणारा माल, खराब झालेला माल, आणि चुकीच्या लेबलाचा किंवा मुदत उलटलेला माल. तेवढा भाग नाकारायचा आणि कारण मॅनिफेस्टवर लिहायचं. ‘यातलं अर्धं ठेवतो, अर्धं पुढच्या वेळी’ हे बोलणं इथे चालत नाही. ड्रायव्हरला हे दुकानदारापेक्षा पक्कं ठाऊक असावं लागतं, कारण मागच्या दाराशी तो एकटा उभा असतो आणि समोरचा माणूस चिडलेला असतो.

मग पैसे. बँका संघराज्याच्या कायद्याला बिचकतात, म्हणून या धंद्यात रोकड फार. ड्रायव्हर माल उतरवतो आणि परतताना नोटांची थैली घेऊन येतो. 2022 अखेरपर्यंत राज्याचा 15 टक्के अबकारी करही वितरकच दुकानांकडून गोळा करत असे, म्हणजे व्हॅनमध्ये सरकारचाही पैसा असायचा. 1 जानेवारी 2023 पासून तो भार दुकानांवर गेला, हे फार बरं झालं. रोकड वाहणाऱ्याला चोरांचीच भीती असते असं नाही. एम्पायरियल लॉजिस्टिक्स या कंपनीच्या चिलखती गाड्या परवानाधारक दुकानांची रोकड बँकेत पोचवत. 2021 च्या अखेरीपासून सॅन बर्नार्डिनो परगण्याच्या पोलिसांनी त्या थांबवून दहा लाख डॉलरांहून अधिक रक्कम जप्त केली. कंपनी कोर्टात गेली आणि 2022 मध्ये पैसे परत मिळाले. कोर्टाची पायरी चढण्याची ऐपत असलेली कंपनी होती म्हणून.

रोकडीचं दुसरं टोक उधारी. दुकानदार तीस दिवसांचा वायदा करतो आणि साठ दिवस फोन उचलत नाही. राज्यातल्या बड्या वितरकांपैकी एक कंपनी, हर्बल, 2023 मध्ये बसली तेव्हा तिच्याकडे माल देणाऱ्या ब्रँडांचे पैसे अडकले. तेव्हापासून बऱ्याच गोदामांत डिस्पॅचच्या पडद्यावर थकबाकीदार दुकानांची यादी असते. विक्रीवाला म्हणतो, एवढी खेप जाऊ द्या, पैसे देतो म्हणालाय. ही गाडी अडवणं सगळ्यात अवघड, कारण मालात खोट नाही, कागदात खोट नाही, आणि समोरचा आपल्याच कंपनीचा माणूस आहे. तरी अडवायला हवी. तो माल कुणातरी शेतकऱ्याचा आहे, आणि त्याला त्याचे पैसे मिळालेले नाहीत.

या सगळ्या साखळीत ज्याचं नाव कागदावर सर्वांत जास्त वेळा येतं तो ड्रायव्हर. कंपनीचा मालक मॅनिफेस्टवर नसतो, विक्रीवाला नसतो. ड्रायव्हरचं नाव आणि लायसन्स नंबर मात्र प्रत्येक खेपेगणिक सरकारी नोंदीत जमा होत राहतो. जन्माने अमेरिकन असलेल्याला त्याचं काही वाटायचं कारण नाही. पण 19 एप्रिल 2019 रोजी तिथल्या नागरिकत्व खात्याने धोरण स्पष्ट केलं: गांजाच्या धंद्यातली नोकरी राज्याच्या कायद्याने वैध असली, तरी नागरिकत्वाच्या अर्जात ती ‘सचोटी’च्या आड येऊ शकते. ग्रीन कार्डवर असलेला माणूस वर्षभर सचोटीने व्हॅन चालवतो आणि प्रत्येक फेरी त्याच्याविरुद्धचा कागद बनते. फ्रीमॉंट, सनीव्हेल, सॅन होजेला मराठी घरं भरपूर आहेत, आणि दुकानात किंवा गोदामात काम शोधणारी मुलंही. व्हिसावर असोत वा ग्रीन कार्डवर, गांजाच्या परवानाधारक धंद्याची जाहिरात दिसली तर त्यांनी आधी वकिलाला विचारावं. पगार चांगला आहे, परवाना खरा आहे, म्हणून निर्धास्त राहू नये.

जबाबदार सुपरवायझर ही माहिती मुलाखतीला आलेल्या प्रत्येकाला आपणहून देते. कोण कुठल्या देशाचा हे न विचारता, सगळ्यांना सारखीच, पगाराचा आकडा सांगण्याच्या आधी. काहीजण आभार मानून उठतात. वयाची अट 21 ची आहे, चेहरे कोवळे असतात, आणि नोकरीची गरज खरी असते. तरी हे आधीच सांगितलेलं बरं. जे थांबतात त्यांना पहिल्या आठवड्यात गाडीची किल्ली मिळत नाही. ते भराईच्या रांगेत उभे राहून टॅगचे शेवटचे अंक वाचतात, मॅनिफेस्टकडे पाठ करून. मग एका जुन्या ड्रायव्हरशेजारी बसून ग्रेपव्हाइन चढतात, आणि पोलिसाने गाडी बाजूला घ्यायला लावली तर कागद कुठल्या कप्प्यातून काढायचा आणि हात कुठे ठेवायचे, हे दोनदा करून दाखवतात.