शंकेखोर ऑगस्टीनचं मिलान

मिलानच्या भुयारी मेट्रोतून दुओमो स्थानकावर उतरून वर आलं, की संगमरवरी कळस पाहता पाहता मान अवघडते. 1386 साली या कॅथेड्रलचं बांधकाम सुरू झालं. पण त्याहून हजार वर्षं जुनी गोष्ट पायांखाली आहे. प्रवेशद्वाराजवळचा जिना उतरून गेलं की चौथ्या शतकातल्या बाप्तिस्मागृहाचे अवशेष समोर येतात. झिजलेले दगड, विटांचे उघडे थर आणि मधोमध अष्टकोनी कुंड. आठ बाजूंना अर्थ आहे: सात दिवसांचा आठवडा सरल्यावर उगवणारा आठवा दिवस येशूच्या पुनरुत्थानाचा. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला मेट्रोचं काम चालू असताना इथं उत्खनन झालं.

387 सालच्या ईस्टरच्या रात्री बत्तीस वर्षांचा ऑगस्टीन इथं बाप्तिस्मा घ्यायला आला. सोबत किशोरवयीन मुलगा अदेओदातुस आणि मित्र अलिपियस.

तिथवर यायला त्याला फार वेळ लागला होता. आजच्या अल्जीरियात जन्मलेल्या या बुद्धिमान माणसानं नऊ वर्षं मानी या इराणी धर्मसंस्थापकाच्या पंथात काढली, मग त्यावरचा विश्वास उडाला आणि काहीच खात्रीनं कळू शकत नाही असं म्हणणाऱ्या तत्त्वज्ञांकडे तो ओढला गेला. 384 मध्ये मिलानला आला तो वक्तृत्वशास्त्र शिकवायला. बिशप अँब्रोजची प्रवचनंही तो सुरुवातीला ऐकायचा ती त्यांची बोलण्याची हातोटी पारखण्यासाठी.

386च्या वसंतात शहर पेटलं. बालसम्राट दुसऱ्या व्हॅलेंटिनियनची आई युस्तिना ख्रिस्ताला पित्याच्या बरोबरीचा न मानणाऱ्या एरियन पंथाची. तिला त्या पंथासाठी एक चर्च हवं होतं. अँब्रोज हटेना. सैनिकांनी वेढा घातला, भाविक आत ठाण मांडून बसले आणि त्यांत ऑगस्टीनची आई मोनिकाही होती. लोक खचू नयेत म्हणून पूर्वेकडच्या प्रथेप्रमाणे सगळ्यांनी मिळून स्तोत्रं गायला सुरुवात केली. आपल्याकडच्या भजनाच्या जागरासारखंच ते असणार: एकाचा आवाज बसला की दुसऱ्यानं उचलून धरायचं. अँब्रोज स्वतः गीतं रचत. चार ओळींची कडवी, ओळीत आठ अक्षरं. मराठी अष्टाक्षरीच्या वाचकाला हे मोजमाप परकं वाटणार नाही. सोपं, ठाशीव, निरक्षरालाही पाठ होणारं. त्यांनी गाण्यांनी लोकांवर मोहिनी घातल्याचा आरोप विरोधकांनी केला, तेव्हा अँब्रोजनी तो नाकारलाही नाही.

शेवटी दरबारानं माघार घेतली. ऑगस्टीन मात्र त्या दिवसांत अजून कोरडाच होता, हे त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. त्याच वर्षी उन्हाळ्यात बागेत त्याचा ख्रिस्ती होण्याचा निर्णय झाला. बाप्तिस्म्यानंतर चर्चमधलं सामूहिक गाणं ऐकताना मात्र त्याला रडू आवरेना.

दुओमोपासून वीसेक मिनिटं चाललं की सांताम्ब्रोजो चर्च येतं. तळघरात काचेआड तीन सांगाडे आहेत: दोन हुतात्मे, जेर्व्हासियस आणि प्रोटासियस, आणि त्यांच्यामध्ये बिशपच्या वेशातले अँब्रोज. मिलानमध्ये आजही रोमन विधीऐवजी त्यांच्या नावाचा विधी पाळला जातो. त्याचं गायनही वेगळं आहे.

बाप्तिस्म्याच्या वर्षीच, आफ्रिकेला परतताना, ओस्तिया बंदरात मोनिका वारली. दफनापर्यंत ऑगस्टीननं अश्रू दाबून ठेवले. झोपून उठल्यावर एकटा असताना त्याला आठवलं ते अँब्रोजचं संध्याकाळचं गीत, विश्वाच्या निर्मात्याला उद्देशून रचलेलं. मग तो आईसाठी मोकळेपणानं रडला. इतक्या शास्त्रार्थानंतर त्या घडीला कामी आलं ते एक पाठ असलेलं गाणं, आणि या सगळ्या कथेतला हाच भाग सर्वांत खरा वाटतो.

तरी त्याची शंका गेली नाही. दहाएक वर्षांनी ‘कन्फेशन्स’ लिहिताना आता आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप झालेला ऑगस्टीन पुन्हा स्वतःची झडती घेतो: मन हलतं ते शब्दांनी की नुसत्या चालीनं? चालीनं हलत असेल तर त्याला तो आपला दोष मानतो आणि न ऐकलेलंच बरं म्हणतो. मग मिलानमधले ते अश्रू आठवतात, आणि ठाम निवाडा न देता, दुबळ्या मनांना आधार म्हणून चर्चमध्ये गाणं असू द्यावं, या बाजूला तो झुकतो.