घर खांद्यावर घेणारी माणसं

गावाद कालिंगा. हे नाव मी ज्याला त्याला सांगत सुटले आहे, आणि आता तुम्हालाही सांगणार आहे. फिलिपिन्समध्ये गेली पंचवीसेक वर्षं हजारो माणसं सुट्टीच्या दिवशी घमेली उचलतात, वाळू चाळतात, अनोळखी माणसांसाठी भिंती बांधतात आणि कारण विचारलं तर साधेपणानं म्हणतात, आमचा देश आहे ना! एवढं मोठं काम आपल्या इतक्या जवळच्या देशात चाललंय, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता!

नोकरीच्या निमित्तानं मी मनिलात राहायला आले. इथले काचेचे टॉवर पाहिले आणि त्यांच्याच मागे नाल्याच्या काठानं दाटलेली पत्र्याची घरंही पाहिली. मुंबईत वाढलेल्या डोळ्यांना या दोन्हींत नवल वाटावं असं काही नव्हतं. एका शनिवारी ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, जुने कपडे घाल आणि चल माझ्याबरोबर. मनिलाच्या उत्तरेला बुलाकान प्रांतात आम्ही एका वस्तीवर पोचलो, आणि तिथं जे पाहिलं त्यानं मी अक्षरशः भारावून गेले.

सिमेंटच्या पोकळ ब्लॉकांचा ढीग रस्त्याच्या तोंडाशी पडलेला होता. घरं आत, चढावर. ट्रक तिथवर जात नव्हता. म्हणून माणसांची रांग लागली होती, ढिगापासून थेट जोत्यापर्यंत, आणि ब्लॉक हातोहात पुढे सरकत होते. मला मध्ये जागा करून दिली. माझ्या डावीकडे बँकेतला एक वरिष्ठ अधिकारी, उजवीकडे त्याच वस्तीतला सायकलरिक्षा चालवणारा तरुण, त्याच्या पलीकडे कॉलेजातल्या पोरी. ब्लॉक कसा धरायचा ते त्या तरुणानं दाखवलं: खालून तळवा, वरून बोटं, आणि कोपर अंगाशी. म्हणजे मनगटावर भार येत नाही आणि कडाही लागत नाहीत. तो शिकवत होता आणि बँकेचा साहेब निमूटपणे शिकत होता. जो तो एकमेकांना 'कुया' नाही तर 'आते' म्हणत होता, आपल्याकडे दादा-ताई म्हणतात तसं. साहेब कोण, रिक्षावाला कोण, हे थोड्या वेळानं खरोखर कळेनासं झालं.

चढावर एक बाई भिंतीला गिलावा करत होती. सराईत हात होता तिचा. थापीनं माल मारायचा, फळीनं ओढायचा, डोळा बारीक करून पृष्ठभाग पाहायचा. मी विचारलं, हे तुमचं घर का? ती हसून म्हणाली, कुणाचं ते अजून ठरायचंय! ज्यांना घरं मिळणार ती सगळी कुटुंबं मिळून सगळी घरं बांधतात, आणि कोणतं कुणाचं ते नंतर ठरतं. म्हणून एकही भिंत कुणी उरकून टाकत नाही. मला ही गोष्ट ऐकूनच इतका आनंद झाला! शेजारधर्म शिकवायला यापेक्षा चांगली शाळा कुठं असेल?

त्या संध्याकाळपासून मी मिळेल ते वाचते आहे, भेटेल त्याला विचारते आहे.

सुरुवात झाली 1995 साली, मनिला महानगरातल्या कालोओकान शहरात, बागोंग सिलांग नावाच्या वसाहतीत. शहरातल्या झोपडपट्ट्या उठवून माणसांना जिथं नेऊन टाकलं, अशी ही प्रचंड मोठी पुनर्वसन वसाहत. टोळ्या, चाकू, अमली पदार्थ यांसाठी तिचं नाव घेतलं जाई. टोनी मेलोतो नावाचा माणूस तिथं गेला आणि त्यानं टोळ्यांतल्या पोरांसाठी शिबिर घेतलं. मेलोतो नेग्रोस बेटावरच्या बाकोलोदचे. शिष्यवृत्तीवर आतेनेओ दे मनिला विद्यापीठात अर्थशास्त्र शिकले, बड्या बहुराष्ट्रीय कंपनीत नोकरी केली, स्वतःचा धंदा केला. 'कपल्स फॉर ख्राइस्ट' या कॅथलिक संघटनेत ते काम करत होते आणि त्यातूनच या वस्तीत आले. पोरं शिबिरात बदलत, पण परत जायची कुठं, तर त्याच गळक्या, कुबट खोपटात. मग प्रश्न घरापर्यंत आला. 1999 मध्ये बागोंग सिलांगमध्ये पहिलं घर उभं राहिलं. गावाद कालिंगा म्हणजे मायेनं काळजी घेणं, आणि या कामाचं नाव तेच पडलं.

मेलोतोंचं म्हणणं मला फार मोलाचं वाटतं. त्यांच्या मते गरिबीच्या मुळाशी फक्त पैशाची चणचण नाही. माणसानं माणसाला टाकून दिलंय, हे मूळ दुखणं आहे. ज्याला सगळ्यांनी टाकलं, तो हळूहळू स्वतःलाही टाकतो. म्हणून नुसती देणगी पुरत नाही, त्याच्याजवळ जावं लागतं, पुन्हा पुन्हा जावं लागतं, त्याच्याबरोबर घाम गाळावा लागतो. इथले कार्यकर्ते 'वालांग इवानान' म्हणतात, म्हणजे कुणालाही मागे सोडायचं नाही. ही घोषणा मी भिंतीवर रंगवलेली पाहिली, आणि भिंतीखाली ती पाळणारी माणसंही पाहिली.

आणि हे सगळं चालतं कसं, ते तर ऐकाच! जमीन बहुतेकदा नगरपालिका देते, नाहीतर एखादा जमीनमालक. सिमेंट, लोखंड, पत्रे यांसाठी पैसे देतात कंपन्या, शाळा, परदेशी गेलेले फिलिपिनो. अमेरिकेत, कॅनडात, आखातात राबणारी ही माणसं घरी पैसे पाठवतात तेव्हा त्यातला वाटा या वस्त्यांकडेही वळवतात. मजुरी राहणाऱ्यांची आणि स्वयंसेवकांची. घरं उभी राहिली की रहिवाशांचा संघ वस्तीचा कारभार बघतो. स्वच्छता, भांडणतंटे, दारू, रात्रीचा गोंगाट, सगळ्याचे नियम त्यांचे त्यांनी घातलेले. लहान मुलांसाठी 'सिबोल' नावाची बालवाडी असते. भाजीचा मळा असतो. आणि रंग! पिवळी, गुलाबी, निळी, हिरवी घरं, प्रत्येकापुढं फुलझाडांच्या कुंड्या. गरिबाचं घर म्हणजे राखाडी खोका असायला हवं, असं कुणी ठरवलं? ज्याच्या वाट्याला आयुष्यभर उरलंसुरलं आलं, त्याला पहिल्यांदा चांगलं मिळालं पाहिजे, हा इथला आग्रह आहे. मी स्वतः एका दाराला पिवळा रंग दिला. त्या घरातली मुलगी शेजारी उभी राहून राहिलेली जागा बोटानं दाखवत होती. तिचं समाधान होईपर्यंत कुणी ब्रश खाली ठेवला नाही.

2003 मध्ये या माणसांनी संकल्प सोडला: सात वर्षांत, सात हजार वस्त्यांत, सात लाख घरं! तेव्हा त्यांच्या हाताशी काय होतं? थोड्या वस्त्या आणि अफाट विश्वास. तो आकडा गाठता आला नाही. पण त्या आकड्यानं माणसं घराबाहेर काढली, आणि वस्त्यांची संख्या पुढं दोन हजारांच्या घरात गेली. दोन हजार गावं! सरकारी खातं नाही, फौज नाही, शनिवार-रविवारची माणसं!

याचं बीज या मातीत जुनंच आहे. खेड्यात एखाद्या कुटुंबाला घर हलवायचं असलं, तर बांबूचं आणि निपाच्या झावळ्यांचं ते घर अख्खंच्या अख्खं उचलायची रीत होती. घराखालून लांब बांबू घालायचे, गावातल्या वीस-पंचवीस बाप्यांनी ते खांद्यावर घ्यायचे, एकानं ताल द्यायचा आणि घर चालू लागायचं. मजुरी नाही. नव्या जागी घर टेकलं की घरवाल्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. या प्रथेला बायानिहान म्हणतात आणि फिलिपिनो माणूस तिच्याबद्दल बोलताना आजही खुलतो. सिमेंटचं घर उचलता येत नाही, पण त्याखाली खांदा देता येतो, हे गावाद कालिंगानं दाखवून दिलं.

आणि देशप्रेम! इथं मला सगळ्यात मोठा धडा मिळाला. फिलिपिन्सचे राष्ट्रपुरुष होसे रिसाल यांना स्पॅनिश सरकारनं 30 डिसेंबर 1896 रोजी गोळ्या घातल्या, हे मला माहीत होतं. पण त्याआधीची चार वर्षं ते मिंदानाओतल्या दापितान गावी हद्दपारीत होते. तिथं त्यांनी काय केलं? पोरांसाठी शाळा काढली, डोळ्यांचे डॉक्टर असल्यानं रोग्यांवर उपचार केले, गावाला नळाचं पाणी आणलं! जग ज्याला कादंबऱ्यांसाठी आणि हौतात्म्यासाठी ओळखतं, तो माणूस हद्दपारीत असताना पाण्याचे नळ घालत होता. देशासाठी मरणं मोठंच, पण देशासाठी पाणी आणणंही तितकंच मोठं. वस्तीवरचे कार्यकर्ते स्वयंसेवकाला 'बायानी' म्हणजे वीर म्हणतात, आणि त्या चढावर मला त्यात तसूभरही अतिशयोक्ती वाटली नाही.

या देशाला वीरांची गरजही तशीच पडते. सात हजारांवर बेटं, आणि वर्षाला वीसेक वादळं. 17 फेब्रुवारी 2006 रोजी दक्षिण लेयतेतल्या गिन्साउगोन गावावर डोंगर कोसळला, जवळजवळ सगळं गाव गाडलं गेलं, हजारावर माणसं गेली. त्याच वर्षी गावाद कालिंगाचे स्वयंसेवक तिथं घरं बांधायला उतरले, आणि त्यातून 'बायानी चॅलेंज' ही दरवर्षीची मोहीम जन्माला आली. देशभरातून माणसं आपापल्या खर्चानं जातात, शाळेत नाहीतर तंबूत झोपतात, बांधतात आणि परततात. नोव्हेंबर 2013 मध्ये हैयान वादळ आलं, इथले लोक त्याला योलांडा म्हणतात. सहा हजारांवर बळी गेले. तेव्हाही ही माणसं गोदामांतून रात्रंदिवस तांदूळ आणि डबे पिशव्यांत भरत होती. मिंदानाओत, जिथं दशकानुदशकं मोरो मुस्लिम बंडखोर आणि सरकार यांच्यात रक्त सांडलं, तिथं ख्रिस्ती स्वयंसेवकांनी मुस्लिम कुटुंबांसाठी घरं बांधली. चर्चमधून सुरू झालेलं काम मशिदीच्या दारापर्यंत पोचलं! धर्म आपला आपल्याजवळ, पण छप्पर सगळ्यांचं.

आता पोटापाण्याचं बघा. घर मिळालं तरी चूल पेटायला काम लागतं. त्यासाठी बुलाकानमध्येच आंगात इथं त्यांनी 'एन्चांटेड फार्म' उभा केला आहे. शेती आणि तिच्यावर उभे राहणारे छोटे उद्योग, अशी ती जागा. गरीब घरांतली मुलं तिथं उद्योजकता शिकतात. डिलन विल्क नावाचा एक तरुण ब्रिटिश, कॉम्प्युटर गेम्सच्या धंद्यात भरपूर कमावलेला, हे काम बघायला आला आणि त्यानं आपली महागडी गाडी विकून घरं बांधायला पैसे दिले. पुढं मेलोतोंच्या कन्येशी लग्न करून तो इथलाच झाला. त्या दोघांनी आणि तिच्या बहिणीनं 2008 मध्ये 'ह्यूमन नेचर' ही कंपनी काढली. साबण, शाम्पू, तेलं बनवायची, माल शक्यतो इथल्या शेतकऱ्यांचा घ्यायचा आणि कामगारांना किमान वेतनाहून जास्त द्यायचं. माझ्या न्हाणीघरात आता त्यांचाच साबण आहे!

वाचता वाचता एका ठिकाणी मी जागच्या जागी थांबले. 2006 चं सामाजिक नेतृत्वासाठीचं रेमन मॅगसेसे पारितोषिक टोनी मेलोतो आणि गावाद कालिंगा यांना मिळालं. मॅगसेसे हे फिलिपिन्सचेच राष्ट्राध्यक्ष, 1957 मध्ये विमान अपघातात गेलेले, त्यांच्या स्मरणार्थ हे पारितोषिक. आणि याच विभागातलं अगदी पहिलं पारितोषिक, 1958 सालचं, कुणाला मिळालं होतं? विनोबांना! रायगडातल्या गागोद्यात जन्मलेल्या, पायी देश पालथा घालून भूमिहीनांसाठी जमीन मागणाऱ्या विनोबांना! 1979 मध्ये जामखेडच्या रजनीकांत आणि मेबल आरोळे दांपत्याला, 2008 मध्ये प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांना. मनिलाहून आपल्या माणसांच्या कामाला दाद मिळत आली, आणि मनिलाच्या आसपास काय चाललंय हे आपण कितीसं पाहिलं? एका बाजूला भूदान, दुसऱ्या बाजूला बायानिहान. आरोळ्यांनी खेड्यातल्या अशिक्षित बाईला आरोग्यसेविका केलं, आणि इथं रिक्षावाला बँकेच्या साहेबाला ब्लॉक धरायला शिकवतो. विश्वास तोच: ज्याला जगानं निकामी ठरवलं, त्याच्या हातात काम द्या आणि मग बघा!

मी बघितलं, आणि म्हणून इतक्या तळमळीनं लिहिते आहे. देशावर प्रेम आहे, हे आपण सगळेच म्हणतो आणि मनापासून म्हणतो. त्या प्रेमाला पत्ता असला पाहिजे, एक गल्ली, एक कुटुंब, एक अर्धवट भिंत, जिथं आपण आठवड्याच्या सुट्टीला जाऊन हात लावू शकू, हे मला फिलिपिनो माणसांनी शिकवलं. या मातीत मी पाहुणी, तरी त्यांनी मला रांगेत जागा दिली. मनिलात आपली मराठी माणसं आहेत. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: एका शनिवारी चला. आणि जे घरी आहेत, त्यांनी आपल्या गावाजवळचं असं एखादं काम शोधा. आरोळ्यांच्या, आमट्यांच्या महाराष्ट्रात ते सापडणार नाही, असं होणंच नाही. पैसे जरूर द्या, पण त्याआधी स्वतः जा.